तेल पेटलं तर

मंदाबाईंना ती गोष्ट कळली दवाखान्यातल्या खाटेवर, भाजून पाच दिवस झाले तेव्हा; आणि तीही कुणी त्यांना सांगितली नव्हती, नुसती कानावर पडली. जळगावच्या त्या दवाखान्यात नवे डॉक्टर आले होते. हाताची पट्टी सोडवता सोडवता त्यांनी, हे झालं कसं, असं विचारलं. मंदाबाई डोळे मिटून पडल्या होत्या. उत्तर त्यांच्या नवऱ्याने, देवचंदभाऊंनी दिलं.

"पुऱ्या तळायचं तेल पेटलं आणि हिने त्यावर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी तेलापेक्षा जड, ते खाली जातं. खाली त्याची एका क्षणात वाफ होते आणि ती वाफ वरचं पेटलेलं तेल उधळून देते. पाणी एवढंसं, पण जाळ थेट छताला."

डॉक्टर म्हणाले, तुम्हाला बरीच माहिती दिसते. त्यावर देवचंदभाऊंनी सांगितलं की दीपनगरच्या वीज केंद्रात ते एकतीस वर्षं अग्निशमन विभागात होते, चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. अशा वेळी गॅस बंद करून वर झाकण ठेवायचं असतं, असंही ते म्हणाले. साधं झाकण.

मंदाबाईंनी डोळे उघडले नाहीत. पट्टीचा शेवटचा थर कातडीला चिकटलेला असायचा, तो निघताना त्या रोज कण्हायच्या. त्या दिवशी त्यांच्या तोंडून आवाज निघाला नाही.

आग लागली तो डिसेंबरातला रविवार होता. मुलगा प्रशील आणि सून वृषाली नातीला घेऊन धुळ्याहून यायचे होते, म्हणून भरीत-पुरीचा बेत ठरला होता. देवचंदभाऊंनी सकाळी अंगणात कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजून दिली आणि ते पुढच्या खोलीत पेपर घेऊन बसले. मंदाबाईंनी कढई चढवली, गॅस मोठा केला, आणि तेवढ्यात प्रशीलचा फोन आला. पारोळा सोडलं, म्हणाला. आत आवाज तुटत होता म्हणून त्या फाटकापाशी गेल्या. मग नातीने आजीशी बोलायचा हट्ट धरला. पाच-सात मिनिटांच्या वर काही गेली नसतील. परत आल्या तर ओट्यावर हातभर जाळ उभा. पुढचं त्यांनी विचार करून केलंच नाही. हात आपणहून तांब्याकडे गेला. आग दिसली की पाणी, हे कुणी शिकवावं लागतं का?

नंतरचं देवचंदभाऊंनी बिनचूक केलं होतं. धावत येऊन सिलिंडरचं रेग्युलेटर बंद केलं, उरल्या जाळावर परात दाबली, बायकोला मोरीतल्या नळाखाली बसवून वीस मिनिटं हातावरून पाणी सोडलं. त्या पाण्याने हात वाचला, असं डॉक्टरही म्हणाले. तरी उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला, गळ्याची एक बाजू भाजली, आणि मांडीची कातडी काढून हाताला लावावी लागली.

ते सगळं मंदाबाईंनी सोसलं. पण डॉक्टरांना सांगितलेलं ते चार वाक्यांचं उत्तर त्यांच्या डोक्यातून जाईना. तीन दिवस त्या नवऱ्याशी कामापुरतंच बोलल्या. चौथ्या दिवशी दुपारी देवचंदभाऊ खाटेशेजारी बसून त्यांच्यासाठी केळं सोलत होते, तेव्हा त्यांनी विचारलं.

"तुम्हाला हे आधीपासून ठाऊक होतं?"

"काय?"

"तेलावर पाणी टाकायचं नसतं, हे."

देवचंदभाऊ थांबले. "हो."

"कॉलनीच्या मैदानावर प्रात्यक्षिकं करायचात. शाळांमधून जाऊन पोरांना सांगायचात. तुमचा डबा भरून द्यायची मी, त्या दिवशी दोन पोळ्या जास्त. मला एकदाही सांगावंसं वाटलं नाही?"

सोललेलं केळं त्यांच्या हातातच राहिलं. ते म्हणाले, "स्वयंपाकातलं मी तुला काय सांगायचं, असं वाटायचं. तिथलं तुला माझ्याहून जास्त कळतं."

त्यात खोटं काही नव्हतं. म्हणूनच मंदाबाईंना त्याचा जास्त राग आला. नवरा मान देत होता, आणि त्या मानापायी तोंड मिटून बसला होता. त्या भिंतीकडे वळून झोपल्या. केळं शेवटी देवचंदभाऊंनीच खाल्लं.

जानेवारी संपता संपता त्या घरी आल्या. तोवर मुलाने आणि सुनेने स्वयंपाकघराला रंग देऊन घेतला होता, विजेची शेगडी आणून ठेवली होती आणि नियमही ठरवला होता: या घरात यापुढे तळण नाही. पापडसुद्धा भाजायचे. वृषालीने हे इतक्या मायेने सांगितलं की मंदाबाईंना नाही म्हणता येईना. धुळ्याची मंडळी परत गेली. स्वयंपाक देवचंदभाऊ करू लागले, आणि बरा करू लागले.

एके सकाळी ते वरणाला फोडणी देत होते. मोहरी तडतडली. आपण दारात उभे होतो एवढं मंदाबाईंना आठवत होतं. नंतर बघतात तर त्या मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडापाशी, आणि दोन्ही हात पोटाशी घट्ट धरलेले. इथवर आपण कसे आलो ते त्यांना सांगता येईना. हसू यावं अशी गोष्ट होती, पण त्या हसल्या नाहीत. त्यांनी हिशोब मांडला: आज तळण बंद, पुढच्या महिन्यात फोडणी बंद, वर्षाने आपण स्वयंपाकघराच्या दारापर्यंतही जाणार नाही. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी त्यांना ते कबूल नव्हतं.

दुपारी जेवण झाल्यावर त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मला शिकवा. मैदानावर शिकवायचात तसं."

देवचंदभाऊंनी आधी टाळाटाळ केली. घरात तेल पेटवून शिकवायचं नसतं, म्हणाले. तिथे मोकळं मैदान असायचं, अंगावर जाड कोट, मागे फोमचे नळ घेऊन चार माणसं उभी.

"पेटवा असं कुठं म्हटलं मी? थंड कढईवर शिकवा. हाताला सवय लागू द्या. माझ्या हाताला त्या दिवशी एकच सवय होती."

मग सुरू झालं. देवचंदभाऊ ओट्याशी उभे राहून सांगू लागले आणि मंदाबाई ऐकता ऐकता अडवू लागल्या. पहिली गोष्ट, गॅस बंद करा, ते म्हणाले. मंदाबाईंनी विचारलं, बटन कढईच्या बाजूला, जाळ त्याच्यावर झुकलेला, तर हात कुठून घालू? देवचंदभाऊ विचारात पडले. मग म्हणाले, बटन हाताशी येत नसेल तर ओट्याखालचं रेग्युलेटर; तेही जमत नसेल तर आधी झाकण, मग गॅस. दुसरी गोष्ट, झाकण. मंदाबाई म्हणाल्या, कढईला झाकण असतं कुणाच्या घरी? आणि असलं तरी ते मांडणीत असतं. ही आपली मांडणी, शेगडीच्या बरोब्बर वर. जाळातून हात घालून झाकण काढू का?

देवचंदभाऊंनी मांडणीकडे पाहिलं. घर बांधलं तेव्हापासून ती तिथेच होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती उतरवून समोरच्या भिंतीवर ठोकली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी एक मोठा खिळा मारून त्यावर पितळेची परात लटकवली. कढईहून ती चांगली चार बोटं मोठी होती.

परात कशी न्यायची हेही त्यांनी दाखवलं. वरून आपटायची नाही, तेल उडतं. उभी धरायची, आपल्या तोंडाच्या आणि जाळाच्या मध्ये, आणि कढईच्या आपल्याकडच्या काठावर टेकवून पलीकडे सरकवत न्यायची. एकदा ठेवली की उचलायची नाही. आग गेली असं वाटलं तरी नाही. तेल तापलेलंच असतं, हवा लागली की पुन्हा भडकतं. कढई उचलून बाहेर न्यायची तर मुळीच नाही. आणि जाळ कपाटाला, छताला लागला असेल तर शूरपणा करायचा नाही, सगळ्यांना बाहेर काढायचं, दार ओढून घ्यायचं आणि फायर ब्रिगेडला फोन लावायचा.

मंदाबाईंचा उजवा हात कोपरात पुरता वाकत नव्हता. त्यांनी डाव्या हाताने सराव केला. सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा. देवचंदभाऊ मधेच पुढच्या खोलीतून "तेल पेटलं" असं म्हणायचे आणि त्या हातातलं काम टाकून उठायच्या. पहिल्या आठवड्यात परात दोनदा पायावर पडली. पंधरा दिवसांनी त्यांनी खरा गॅस लावला, खरं तेल ठेवलं, आणि नवऱ्याला शेजारी उभं करून चार पापड तळले. त्या सगळा वेळ तेलाकडे बघत राहिल्या. तेल पेटायच्या आधी सांगतं, हे त्यांनी त्या दिवशी नवऱ्याला ऐकवलं. आधी वास बदलतो, मग पातळ धूर सुटतो, मग दाट. तेव्हाच गॅस बंद केला तर पुढचं काही होतच नाही. हे त्यांना तीस वर्षं माहीत होतं. फक्त त्या रविवारी त्या कढईपाशी नव्हत्या.

विहारात रविवारी वंदना झाल्यावर महिला मंडळ बसायचं. तिथे हे दाखवायचं मंदाबाईंनी ठरवलं आणि बोलायला देवचंदभाऊंना उभं केलं. त्यांनी आगीचे प्रकार किती आणि कोणते इथून सुरुवात केली. पाच मिनिटांत बायका फोन बघू लागल्या. मंदाबाई हळूच म्हणाल्या, "तुम्ही बसा आता," आणि थंड कढई पुढे ओढून स्वतः उभ्या राहिल्या.

मंडळाच्या अध्यक्ष शेवंताबाई तोंडाच्या फटकळ होत्या. त्या म्हणाल्या, "जिने स्वतः पाणी ओतलं, तिच्याकडून शिकायचं का आम्ही?"

मंदाबाईंनी गळ्याभोवतीचा पदर काढला. बाही वर सरकवली. हाताची नवी कातडी गुळगुळीत आणि गुलाबी होती, कडांना गाठी धरलेल्या.

"माझ्याकडूनच शिका. पाणी ओतल्यावर काय होतं ते इथं मला एकटीलाच माहीत आहे."

मग एकीने विचारलं, पीठ टाकलं तर चालतं का, आमची सासू पीठ टाकायला सांगायची. मंदाबाई म्हणाल्या, पीठही जळतं, भडका उडतो. ओलं फडकं? तेही नको, त्यातही पाणीच आलं. त्यानंतर तासभर बायका एकेक करून उठल्या आणि थंड कढईवर परात सरकवून गेल्या. शेवंताबाई सगळ्यांत शेवटी उठल्या आणि सगळ्यांत जास्त वेळा करून पाहिलं.

मंदाबाईंच्या शेजारी, भिंतीला भिंत लागून, खाजाभाईंचं घर होतं. त्यांचा फर्निचरचा छोटा कारखाना होता. त्यांची बायको मेहरुन आणि मंदाबाई यांचं भिंतीवरून रोजचं बोलणं. मेहरुनलाही मंदाबाईंनी सगळं सांगितलं होतं, परात माळ्यावरून खाली काढून ठेव म्हणूनही बजावलं होतं. मेहरुन तांदूळ निवडत हो-हो म्हणाली. परात माळ्यावरच राहिली.

रमजानचा तिसरा आठवडा होता. देवचंदभाऊ औषधं आणायला गावात गेले होते आणि मंदाबाई मागच्या दोरीवरचे कपडे काढत होत्या. रोजा सुटायला दहाएक मिनिटं उरली असतील. पलीकडून मेहरुनने मुलीच्या नावाने हाक मारली, अफिफा, आणि त्या हाकेतच मंदाबाईंना कळलं. हातातले कपडे खाली पडले. त्या आत गेल्या, खिळ्यावरची परात काढली आणि मेहरुनच्या मागच्या दाराने तिच्या स्वयंपाकघरात शिरल्या.

कढईत जाळ होता, तस्साच, हातभर. कॉलेजात जाणारी अफिफा दाराशी चिकटून उभी होती. भजी तळायला ठेवून ती खजूर मांडायला बाहेर गेली होती. आणि खाजाभाई दोन्ही हातांना टॉवेल गुंडाळून कढईकडे निघाले होते. कढई उचलून अंगणात न्यायचा त्यांचा विचार होता. अंगणाच्या वाटेवर अफिफा होती.

"खाजाभाई, कढईला हात लावू नका."

त्यांना ऐकू गेलं नाही. दिवसभराचा उपास, समोर जाळ. माणसाला काय ऐकू येणार? त्यांचा एक हात कढईच्या कानाशी पोचला होता. मंदाबाई त्यांच्या आणि ओट्याच्या मध्ये शिरल्या. कोणत्याही परक्या पुरुषाच्या इतक्या जवळ जाऊन त्या आयुष्यात कधी बोलल्या नव्हत्या.

"मागे व्हा. मला जागा द्या."

खाजाभाई मागे झाले. मंदाबाईंनी मेहरुनला खालचं रेग्युलेटर बंद करायला सांगितलं. मेहरुनने वाकून ते फिरवलं. बर्नरची निळी ज्योत गेली, पण तेलाचा जाळ तसाच राहिला. त्याची धग त्यांच्या हाताच्या नव्या कातडीला लागली आणि एका क्षणापुरतं त्यांचं सगळं अंग मागे वळलं, धुण्याच्या दगडाकडे. पाय मात्र हलले नाहीत. त्यांनी परात उभी धरली, काठावर टेकवली आणि डाव्या हाताने पलीकडे सरकवत नेली. कडेने जाळाच्या दोन-तीन जिभा बाहेर आल्या, परातीभोवती फिरल्या. मग त्या आखडल्या. मग नुसता धूर.

अजान झाली. कुणी हललं नाही. खाजाभाईंनी हळूच विचारलं, विझली का, आणि बघायला म्हणून परातीकडे हात नेला.

"उघडायची नाही. तुम्ही रोजा सोडा. मी बसते इथे."

त्या स्टूल ओढून कढईसमोर बसल्या. मेहरुनने त्यांना खजूर आणि पाणी आणून दिलं. त्यांनी ते घेतलं. अफिफाच्या दोन बोटांना चटका बसला होता. तिला त्यांनी नळाखाली हात धरायला लावला आणि बर्फ लावू दिला नाही.

तासाभराने देवचंदभाऊ शोधत आले. त्यांनी काळं झालेलं छत पाहिलं, झाकलेली कढई पाहिली, समोर बसलेली बायको पाहिली. परातीजवळ तळहात नेऊन त्यांनी धग अजमावली. वरिष्ठांना विचारावं तसं त्यांनी विचारलं, "उघडू का?"

"अजून नको," मंदाबाई म्हणाल्या. "अर्धा तास राहू द्या."

ते भिंतीला टेकून उभे राहिले. अर्ध्या तासाने मंदाबाईंनी मान हलवली, तेव्हा त्यांनी परात उचलली.

ती बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. ईदनंतर मेहरुनने आपल्या घरी नात्यातल्या बायका गोळा केल्या आणि मंदाबाईंना बोलावलं. परात माळ्यावरून कधीच खाली आली होती. त्यानंतर बोलावणी येतच राहिली. धुळ्यात वृषालीने आपल्या सोसायटीत त्यांना नेलं. तिथे तिने सगळ्यांसमोर सांगितलं की तळण बंद करायचा नियम मीच केला होता, तो मी मागे घेते. कढई मंदाबाई धरायच्या, परात देवचंदभाऊ, आणि बोलायचं काम मंदाबाईंचं. बायकांनी काही अडचणीचं विचारलं तर त्या नवऱ्याकडे बघायच्या. ते उत्तर द्यायचे आणि लगेच गप्प बसायचे.

मे महिन्यात एरंडोलकडच्या एका खेड्यात त्यांना बोलावलं. चाळीसेक बायका चावडीसमोर लिंबाखाली बसल्या होत्या. मंदाबाईंनी रेग्युलेटर दाखवलं, परात दाखवली, हात दाखवला. सगळ्या उठून गेल्यावर एक म्हातारी तेवढी बसून राहिली. कुंदाबाई नाव तिचं. तिने अहिराणीत शांतपणे सांगितलं, "बठ्ठं समजनं माय. पन मना चुल्हाले बटन नही. आते कसं करू?"

मंदाबाईंनी सवयीने देवचंदभाऊंकडे पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. कापसाच्या काड्यांवर चालणाऱ्या चुलीचं त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आधी परात, एवढं तर खरं. पण मग खालचा जाळ? काड्या मागे ओढायच्या तर कुठल्या बाजूने? विझवायला पाणी घ्यायचं का, आणि कढईपासून किती लांब?

घरी परतायची बस चार वाजता होती, आणि चार वाजायला आले होते. मंदाबाईंनी परात उचलली आणि डाव्या काखेत धरली.

"चला अक्का," त्या म्हणाल्या. "आधी तुमची चूल दाखवा."